वाळवंटातली होडी

मला नाचता येतं. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. गुहागरकडच्या आमच्या वाडीत माझे वडील, आबा, जाखडीला (गणपतीतला पुरुषांचा फेर धरून नाच) मृदंग वाजवतात. त्या फेरात मी कॉलेजला जाईपर्यंत नाचलो. मुंबईत वसतिगृहातली मुलं त्याला ‘बाल्या डान्स’ म्हणून फिदीफिदी हसायची. मीही त्यांच्यात बसून हसलो. तेव्हा जो गप्प झालो तो कुवेतला येऊनही गप्पच.

आता प्रवास. एगैलातल्या आमच्या घरापासून अंतर फार नाही, वैताग मात्र परदेशवारीचा. माझी बायको सुजाता, मूळची पुण्याची. तिला मैत्रिणीने सांगितलं, रिग्गईच्या पलीकडे आफ्रिकन संस्कृतीचं केंद्र आहे, तिथे तिकडची खेडी उभारलीत, नाचही असतो. शुक्रवारी निघालो. मोबाइलमधल्या बाईने एकाच पेट्रोल पंपाला प्रदक्षिणा घालायला लावल्या. कसेबसे पोचलो तर खिडकीवर बताका (नागरी ओळखपत्र) मागितला. माझा नेमका कामाच्या डगल्याच्या खिशात, घरी.

“मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत अख्खं युनिट सांभाळतोस आणि एक कार्ड सांभाळता येत नाही?” सुजाता म्हणाली. तिच्या कार्डावर आत गेलो.

काटेरी कुंपणात गोल झोपड्या, वर गवताची छपरं. लांबून छान दिसलं. जवळ गेल्यावर पहिल्याच झोपडीमागे एसीचा डबा घरघरताना दिसला. दारात एक उंच केनियन माणूस उभा होता, नाव जुमा. आम्ही सरळ आत शिरायला लागलो तसा त्याने हात आडवा धरला.

“नो, नो. फर्स्ट, होडी.”

“होडी?” सुजाताने चहूकडे पाहिलं. “या वाळवंटात कुठली होडी? तिचं तिकीट वेगळं असेल तर आधीच सांगा म्हणावं.”

“लाइफ जॅकेट देतात का तेही विचार,” मी म्हणालो.

“ओ गॉड, बाबा!” इरा, आमची नववीतली मुलगी, लाजून लांब जाऊन उभी राहिली.

जुमाने हसत समजावलं. त्यांच्याकडे दारातून ‘होडी’ अशी हाक द्यायची, आतून ‘करीबू’ (या) आलं की मगच पाऊल टाकायचं. आम्ही तिघांनी होडी म्हटलं. आतून एका बाईचा आवाज आला, “करीबू!”

आत जमीन छान सारवलेली दिसली. वाकून हात लावला, तर सिमेंटवर रंग! जेवायला उगाली (मक्याच्या पिठाची घट्ट उकड) आणि पालेभाजी मिळाली, प्लॅस्टिकच्या ताटलीत. सुजाताच्या मते भाजीला लसणाची फोडणी हवी होती. तेवढं एक आम्हा दोघांना पटलं.

मग अंगणात नाच सुरू झाला. माझ्यासमोरच्या गृहस्थाने आयपॅड असा उभा धरला की मला तो नाच त्याच्या आयपॅडवरच पाहावा लागला. ढोल ऐकायला मात्र कुणाची आडकाठी नव्हती. ढोलवाला मधे आणि नाचणारे भोवती. मी सारखा घड्याळाकडे बघत होतो.

शेवटी जुमा प्रेक्षकांतून माणसं ओढायला आला. अर्थातच माझ्याकडे.

“जा ना रे,” सुजाता टाळ्या वाजवत म्हणाली. “नाहीतरी तुला ओ का ठो येत नाही, तेवढीच आमची करमणूक!”

जुमाने माझ्या हातात न्जुगा (पायात बांधायची लोखंडी घुंगरं) ठेवली. मी ती दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली आणि खाली बसून उजव्या पायात बांधली. हे सगळं हातांनी परस्पर केलं. वर पाहिलं तर जुमा थांबून माझ्याकडे बघत होता.

“सदीक (दोस्ता), यू डान्सर.”

“नो.”

“यू डान्सर!”

“नो म्हटलं ना!” मी केवढ्याने तरी ओरडलो. गाठ सोडली, घुंगरं त्याच्या हातात कोंबली आणि खुर्चीवर येऊन बसलो. माझी उजवी टाच ठेका धरून होती. इरा नाच सोडून त्या टाचेकडे बघत होती.

परतताना सिग्नलला तिने विचारलंच. “बाबा, ते कपाळाला का लावलं?”

“सवय.”

“व्हॉट सवय?”

सिग्नल सुटला, मागचा हॉर्न कोकलायला लागला. मी गाडी काढली आणि रस्त्याकडे बघत म्हणालो, “चाळ पायात बांधायच्या आधी पाया पडतात. आबांनी शिकवलंय.”

सुजाता वळून बघत राहिली. “आबा तर भजनात मृदंग वाजवतात, असं म्हणाला होतास.”

मी रेडिओ लावला.

दरवर्षी गणपतीआधी आबांचा फोन येतो, “फेरात तुजी जागा ठेवलीय रं. येतोस ना?” मी म्हणतो, “आबा, रिफायनरीत शटडाऊन आहे.” शटडाऊन एखाद्या वर्षी खरंच असतं. दरवर्षी नसतं. ते आतून करीबू म्हणून बसलेत आणि दारात उभं राहून होडी म्हणायला माझंच तोंड उघडत नाही.

आबांना मी एक फेर देणं लागतो, उजव्या पायात चाळ बांधून, आमच्या अंगणात, सुजाता आणि इराच्या देखत.