आक्कांचा हुद्दा

दाताच्या दवाखान्यात आक्का कामाला होत्या. काय काम, ते विचारू नका, त्यांनाच सांगता यायचं नाही. कुलूप उघडायचं, अवजारं उकळायची, रडणाऱ्या पोराचा हात धरायचा, मग त्याच्या बापाचाही धरायचा, खुर्ची अडली की तिला दोन थापा मारायच्या, आणि डॉक्टरीणबाईंचा चष्मा त्यांच्याच डोक्यावरून शोधून द्यायचा. सगळं छान चाललं होतं. पण लेकीचं लग्न ठरलं आणि रविवारी तिच्या सासरी चहाला जायचं निघालं. विहीणबाई निवृत्त मुख्याध्यापिका. "तुम्ही काय करता?" हे त्या विचारणारच. आईच्या उत्तरावरून लेकीची किंमत झाली तर? आक्कांनी डॉक्टरीणबाईंनाच विचारलं, माझ्या कामाला म्हणायचं काय?

डॉक्टरीणबाईंनी जाडजूड शब्दकोश उघडला. "हे घ्या. फॅक्टोटम. पडेल ते सगळं काम करणारं माणूस."

"म्हणजे हरकाम्या?"

"तेच, पण इस्त्री केलेलं."

"यात टोमणा नाही ना?"

"म्हणणाऱ्यावर आहे. कुणी कौतुकानं म्हणतं, कुणी नाक मुरडून. आणि हल्ली फारसं कुणी म्हणतच नाही."

आक्कांनी आठवडाभर तो शब्द घोकला. पेशंट गुळण्या करायचे, या शेजारी उभ्या राहून फॅक्टोटम, फॅक्टोटम.

रविवारी जरा टेकल्या न टेकल्या तोच विहीणबाईंनी विचारलं, "काय घेणार? चहा की कॉफी?"

"फॅक्टोटम," आक्का म्हणाल्या.

लेकीनं कपाळाला हात लावला. व्याही बायकोकडे वळले. "अगं, ते आणून ठेवलं नव्हतंस का?"

आक्कांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मग काय, शब्द, शब्दकोश, घोकंपट्टी, खुर्चीच्या थापा, सगळं भडाभडा सांगून टाकलं. विहीणबाई हसतील म्हणून त्या वाट बघत राहिल्या.

विहीणबाई हसल्या नाहीत. "शाळेत मी मुख्याध्यापिका होते," त्या म्हणाल्या. "घरी आले की यांच्या गोळ्या, सासूबाईंची वेणी, गळका नळ, पोरांचे अभ्यास. त्याला कुणी नावच दिलं नव्हतं हो." मग नवऱ्याला म्हणाल्या, "ऐकलंत? मीपण फॅक्टोटम आहे."

"बरं. मग चहाचं काय?"

"तो आज तुम्ही करा."

आक्का सवयीनं उठायला लागल्या. विहीणबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं. चहात साखर नव्हती. आक्कांनी दोन कप घेतले.