बुटातलं नाव

वेंडेल टॅकेटला स्वतःच्याच हातांचा वीट आला होता. बारा वर्षं सैन्यात वैद्यकीय जवान म्हणून काढली, तीनदा अफगाणिस्तानात जाऊन आला. याच हातांनी त्यानं फाटलेल्या मांड्या आवळल्या होत्या, छातीत सुई खुपसून कोंडलेला श्वास मोकळा केला होता. आता ते मडलिक गावच्या वृद्धाश्रमात म्हाताऱ्यांना आंघोळ घालत होते, मक्याचा पाव ताकात कुस्करून भरवत होते. कुणाचं डोकं दुखलं तर साधी गोळी द्यायची मुभा त्याला नव्हती, कारण नर्सचा परवाना नव्हता.

"अरे वेंडेल, दे की गोळी. कंबर नुसती जळतेय रे," वर्ना कोम्ब्स कण्हायची. खाणकामगाराची विधवा, शहाऐंशी वर्षांची, जिभेला हाड नाही. तिकडच्या रीतीनं सगळे तिला मिस वर्नाच म्हणत.

"मला देता येत नाही, मिस वर्ना. नर्स येतेय."

"मग लढाईत काय शेंगा सोलत होतास?"

नर्स दुसऱ्या इमारतीत असायची. ती येईपर्यंत अर्धा तास वर्ना कण्हत राहायची आणि हा बारा वर्षांच्या अनुभवाचा गडी खांबासारखा उभा. अशा अर्ध्या तासांची त्याला किळस यायची. शेवटी त्यानं परवान्याचं मनावर घेतलंच.

सोय होती. सैन्यातली सेवा धरून नर्सिंग कॉलेजची प्रात्यक्षिक परीक्षा दिली, की अभ्यासक्रम माफ आणि थेट परवान्याच्या लेखी परीक्षेला बसता येई. प्रात्यक्षिकाला संधी दोन. दोन्ही हुकल्या, तर पोराटोरांच्या शेजारी बसून पहिल्यापासून शिकायचं.

"तुमच्या वरची नर्स कोण होती? तिची सही लागते," कॉलेजच्या खिडकीतली बाई म्हणाली.

"अफगाणिस्तानातल्या त्या डोंगरावर? तिथं मी एकटाच होतो, बाई."

"मग या रकान्यात काय लिहू?"

"देव लिहा. तोही सही करायला यायचा नाही."

बाईला हसू आलं नाही. तिनं अर्ज परत सरकवला. पलटणीच्या जुन्या डॉक्टरला शोधून त्याचं पत्र आणण्यात सात महिने गेले. तोवर प्रत्येक कोऱ्या रकान्यावर थुंकावंसं वाटायला लागलं होतं.

प्रात्यक्षिकाच्या खोलीत पलंगावर रबरी बाहुली निजवलेली होती, पांढऱ्या केसांचा टोप घातलेली. मनगटाला नावाची पट्टी होती. तीस वर्षं नर्स राहिलेल्या हेन्सलेबाई वही घेऊन कोपऱ्यात बसल्या होत्या. काम एवढंच, की पेशंटला रक्तदाबाची गोळी द्यायची. वेंडेलनं हात धुतले, तडक पलंगाच्या पायथ्याशी गेला आणि चादर उचलून बाहुलीचे पाय बघितले. मग क्षणभर गोंधळला, चादर सारखी केली, मनगटाची पट्टी वाचली, नाडी आणि रक्तदाब पाहून बिनचूक गोळी दिली.

"नापास," हेन्सलेबाई म्हणाल्या. "पेशंटला नाव विचारलं नाहीत. आणि पाय कशाला बघितलेत?"

"सवय. जवानाच्या नावाचा एक बिल्ला गळ्यात असतो, दुसरा बुटाच्या नाडीत ओवलेला. गळ्यातला बऱ्याचदा सापडत नाही. नाव बुटात वाचायचं."

"इथले पेशंट बोलतात, मिस्टर टॅकेट."

"ही बाहुली बोलते?"

"तिच्या वतीनं मी बोलते."

बाहेर येऊन त्यानं आपल्या पिकअपच्या चाकावर लाथ घातली. रबराला नाव विचारायचं! नाही विचारलं, तर बारा वर्षं मातीमोल! त्यानं कॉलेजला, अर्जाला आणि बाहुलीच्या टोपाला ठेवणीतल्या शिव्या घातल्या. पण घराकडे जाताना त्याच्या डोक्यात एक गोष्ट घुसली ती निघेना. बारा वर्षांत त्यानं कुणालाच नाव विचारलं नव्हतं. जो हाती लागेल त्याला "भावा, धीर धर" म्हणायचं. पर्व्हिस नावाच्या पोराचं नाव त्याला कळलं, तेव्हा पोर गेलं होतं आणि वेंडेल त्याच्या बुटातल्या बिल्ल्यावरचा चिखल थुंकी लावून पुसत होता. पर्व्हिस मरण्याआधी चांगली दहा मिनिटं शुद्धीवर होता. बोलतही होता.

आता वेंडेलला शिसारी आली ती स्वतःची.

दुसऱ्या खेपेला त्यानं बाहुलीपाशी वाकून विचारलं, "तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगाल?"

"एथेल गुडविन," कोपऱ्यातून हेन्सलेबाई चिरक्या आवाजात म्हणाल्या आणि तारीखही सांगितली. वेंडेलनं पट्टीवरचं नाव ताडलं आणि गोळी दिली. या सोंगात तो पास झाला. लेखी परीक्षा त्याला डाव्या हातचा मळ होती. महिन्याभरात परवाना आला.

पहिल्या सकाळी औषधांची गाडी ढकलत तो वर्नाच्या पलंगाशी गेला.

"तुमचं नाव आणि जन्मतारीख सांगा, बाई."

"डोकं फिरलं का रे तुझं? तीन वर्षं माझं ढुंगण धुतोयस, आणि आज नाव विचारतोस?"

"नियम आहे, मिस वर्ना."

"खड्ड्यात गेला तुझा नियम. वर्ना लू कोम्ब्स. अकरा मार्चचा जन्म, साल तुझ्या त्या कागदात बघ. आण ती गोळी."

गोळीची वाटी पुढे करता करता त्याला पर्व्हिसची ती दहा मिनिटं आठवली.

"नाव पुन्हा एकदा सांगा," तो म्हणाला.

वर्ना खवळून काहीतरी बोलणार होती. तिनं त्याच्या तोंडाकडे बघितलं, आणि लहान पोराला सांगावं तसं आपलं नाव सावकाश, सबंध सांगितलं.