लाल चिंधीचा चिमटा

बापू राऊत गेले. आणि मला सगळ्यात आधी आठवला तो कपडे वाळत घालायचा एक लाकडी चिमटा.

सकाळी अमरावतीहून त्यांच्या मुलीचा, मीनाचा, फोन आला. झोपेतच गेले म्हणाली. मी "हो का" एवढंच बोललो.

तुमच्यापैकी कोणीही बापूंना ओळखत नाही. म्हणूनच लिहितोय.

१९७७च्या आसपासची गोष्ट. मी सांगलीचा, चोवीस वर्षांचा, चंदीगडला एका सरकारी लॅबमध्ये नुकताच चिकटलेला. बापू चाळिशीचे, केंद्र सरकारच्या एका खात्यात इंजिनिअर, बदलीवर आलेले. मुलीच्या शाळेपायी बायको आणि मीना अमरावतीलाच.

आख्ख्या शहरात रेडिओ कंट्रोलचं ग्लायडर उडवणारे मराठी लोक आम्ही दोघंच.

आज जिथं सेक्टर ३९ आहे त्या बाजूला तेव्हा शेतं होती आणि मोकळा माळ. दर रविवारी सकाळी सायकलच्या कॅरियरला पंख बांधून आम्ही तिथं हजर.

ग्लायडर म्हणजे बिनइंजिनाचं विमान. हलकं लाकूड, त्यावर तलम कागद. जमिनीत खुंटी ठोकून लांब रबरी नळीनं ताणून सोडायचं. मग वारा आणि विमान वळवायला हातातला रेडिओ सेट, बस.

घोळ एकच होता.

दोघांचे सेट परदेशातून आलेले, आणि दोघांची फ्रिक्वेन्सी एकच. एकाचं विमान वर असताना दुसऱ्यानं नुसता सेट चालू केला, तरी वरचं विमान खाली!

म्हणून चिमटा. त्याला लाल चिंधी बांधलेली. ज्याच्या अँटेनाला चिमटा, त्यानंच सेट चालू करायचा. पंधरा मिनिटं त्याची. दुसऱ्यानं शेजारी उभं राहायचं.

बापू उडवायचे कमी आणि बोलायचे जास्त.

"आठवडाभर ऑफिसात हिंदी, भाजीवाल्यासंगं पंजाबी. मराठी गंजून राह्यली ना बे माझी!"

मीनाची पत्रं खिशातून काढून वाचून दाखवायचे. मीनाला गणितात किती पडले, मीना मैत्रिणीशी का भांडली. मीनाला न बघताच मी ओळखायला लागलो होतो.

आणि मी? माझा डोळा घड्याळावर.

"बापू, तुमची पंधरा झाली."

"घे ना जी, घे."

माझी पंधरा त्यांनी एकदाही मोजली नाहीत.

फ्रिक्वेन्सी बदलायची तर क्रिस्टल बदलावा लागे. नखाएवढी वस्तू, एक सेटमध्ये, एक विमानात. आपल्याकडे मिळायचीच नाही. दोन वर्षं मी त्या जोडीसाठी जीव टाकला. दिसेल त्याला विचारलं. बापूंसमोर तर दर रविवारी रडगाणं.

शेवटी लॅबमधल्या एका सरदारजींचा भाऊ कॅनडाहून आला. त्यानं आणली.

मी धावत माळावर.

बापूंनी तो क्रिस्टल तळहातावर घेऊन बराच वेळ पाहिला. "बरं झालं. आता तुले थांबायचं काम नाही."

चिमटा अँटेनावरून काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला.

मग दोघंही एकाच वेळी उडवायला लागलो. पन्नास पावलांवर दोघं, माना वर.

मी खूश होतो. खोटं कशाला बोलू.

एका रविवारी माझं ग्लायडर दोन घारींच्या मागोमाग वर वर चाललं होतं. असं वर्षातून एकदा होतं. बापू तिकडून चालत आले, शेजारी उभे राहिले, काहीतरी बोलले. मी वर बघतच म्हणालो, "हं."

उतरवल्यावर विचारलं, "काय म्हणत होता?"

"काही नाही जी."

पुढं मी महिनाभर सुट्टीवर सांगलीला गेलो. परत आलो तर बापूंच्या खोलीला कुलूप.

घरमालकीण बीजी म्हणाल्या, "आपको बताया नहीं? घरवाली बीमार है जी उनकी. बदली माँग के गए."

सांगितलं होतं, बीजी. मी हं म्हणालो होतो.

नंतर पत्रं झाली, दिवाळीची कार्डं झाली. दोन लग्नांत भेटलोही. त्यांनी तो विषय काढला नाही. माझी हिंमत झाली नाही.

आज दुपारी मीनानं बापूंच्या ट्रंकेतल्या डब्याचा फोटो पाठवला. आत आपला चिमटा, चिंधी फिकी पडलेली. आणि शेजारी प्लॅस्टिकची एक पुडी. त्यात दोन क्रिस्टल, वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे. पुडीची पिनसुद्धा काढलेली नाही.

मी लगेच फोन लावला. "मीना, हे कधीचं?"

"सेटसोबतच आलं होतं ना काका. मामांनी लंडनहून पाठवलं होतं. बाबा कोणाला हात नव्हते लावू देत."

"का गं?"

"मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, मग बाजूले कोण उभं राहीन?"

आधी राग आला. खरंच आला. दोन वर्षं माझं रडगाणं ऐकत होता हा माणूस, आणि जोडी पहिल्या दिवसापासून याच्याच ट्रंकेत!

मग फोन ठेवला आणि खूप रडलो. आयुष्यात प्रथमच असा रडलो असेन.

आता क्रिस्टल लागत नाहीत, नवे सेट आपली फ्रिक्वेन्सी आपणच निवडतात. पुण्यात आमच्या मैदानावर पंधरा-वीस जण एकाच वेळी उडवतात. कोणाला कोणासाठी थांबावं लागत नाही. मी दर रविवारी जातो, उडवतो, घरी येतो. कधी कधी चार शब्दही होत नाहीत.

बापू, नमस्कार.

चिमटा तुमच्याचकडे राहू द्या. मी शेजारी उभा आहे. घड्याळ घरी ठेवून आलोय.

बोला.