लेकाच्या मापाची सायकल

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गल्लीच्या कोपऱ्यावर दुकान, दोन मशीन, एक लांब टेबल आणि गळ्यात कायमची टेप. गिऱ्हाईक पायरी चढतानाच त्याचा कोणता खांदा उतरलाय ते त्यांना दिसे. थोरल्याचा कोट धाकट्याला तसाच चालवू पाहणाऱ्या आयांना ते ऐकवत, की अंगापेक्षा बोंगा मोठा करून पोराचं हसं करू नका. आधी उसवा, कमी करा, मग घाला.

असा माणूस साठीला टेकल्यावर लेकाच्या सायकलवर चढला आणि सीट खाली घेऊ देईना.

लेक गेल्या वर्षी गेला. रक्ताचा आजार होता. तो ज्या वॉर्डात होता, तिथल्या पेशंटांच्या औषधांसाठी दरवर्षी सायकलस्वारांची फेरी निघते. लांबचा पल्ला, वाटेत मुक्काम, मधे एक जीवघेणा घाट. बरा झालो की मी जाणार, असं तो कॉटवर पडल्या पडल्या नर्सना सांगायचा. त्याच्या जागी आता मास्तर निघाले. बायको हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. रोज सकाळी पाण्याची बाटली भरून दाराशी ठेवायची, एवढंच.

तयारीत मात्र कसूर नव्हती. मास्तरांनी चेन धुऊन तेल दिलं, ब्रेकचे झिजलेले रबर बदलले, नखं काळी करून पंक्चर काढायला शिकले. चड्डीला आतून गादी शिवली आणि मांडीला टोचू नये म्हणून शिवण बाहेरच्या अंगाला काढली. अडलं ते फक्त सीटपाशी. लेक ताडमाड उंच, मास्तर बुटके. सायकलवाल्याने पाना लावला, तसा मास्तरांनी त्याचा हात धरला. कंबर हेलकावे खातेय, घाटात गुडघे जातील, असं त्याने परोपरीने सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. उलट मास्तरांनी घरी जाऊन बुटांच्या तळाला चामड्याचे थर शिवले, पाय पायडलपर्यंत पोचावेत म्हणून. जन्मभर कपडा माणसाला बसवला, आता माणूस सायकलला बसवायला निघाले. ते बूट बघून सायकलवाला म्हणाला, "मास्तर, फेरीला चाललाय की सर्कशीत?" मास्तरही हसले, पण सीट तिथंच राहिली.

मग एका सकाळी चौकात समोरून टेम्पो वळला. मास्तरांनी ब्रेक दाबला, टेकायला पाय खाली सोडला. जमीन लागलीच नाही. सायकलसकट आडवे झाले.

कोपर सोललेलं, गुडघा टम्म. बायको कोमट पाण्याने जखम पुसत होती. मास्तर म्हणत होते, सवय होईल हळूहळू. तिचा हात थांबला.

"सीट खाली आली की तो गेला, असंच ना?"

मास्तरांनी कोपर ओढून घेतलं.

"अहो, तो गेलाय. मीच त्याचे डोळे मिटलेत." ती पुन्हा जखम पुसायला लागली. "तुम्ही जा, मी अडवत नाही. पण परत या. तेवढं एकच माणूस उरलंय मला."

गुडघ्याची सूज उतरल्यावर ते सायकल हातात धरून सायकलच्या दुकानापर्यंत चालत गेले. सायकलवाल्याने काही न विचारता पाना पुढे केला. बोल्ट मास्तरांनीच सैल केला. सीटची दांडी गंजलेली नव्हती, अडली नाही. अडेल असं त्यांना उगाच वाटलं होतं. मधेच थांबून त्यांनी खिशातला खडू काढला, जुन्या उंचीवर रेघ मारावी म्हणून. पण दांडी नळीत शिरली की रेघही आत जाणार आणि घासून पुसली जाणार. खडू परत खिशात गेला. लेकाने कधीतरी लावून ठेवलेली उंची बोटभर, मग वीतभर खाली उतरली. मास्तरांनी बोल्ट आवळला.

"बसून बघा," सायकलवाला म्हणाला.

मास्तर बसले. दोन्ही पाय जमिनीला टेकले. मग त्यांनी गल्लीतून एक चक्कर मारली. कंबर हलली नाही, गुडघा दुखला नाही, सायकल कशी लोण्यासारखी चालली. इतकं सोपं जातंय, हेच त्यांना सोसेना. कोपऱ्यावर ते उतरले आणि हँडलवर डोकं टेकवून, लेक गेल्यापासून पहिल्यांदाच, भर रस्त्यात रडले.