डावा निरोप, उजवा निरोप

प्रबंधात लिहिता येत नाही असं बरंच काही लॅबमध्ये घडतं. पाच वर्षांत माझी प्रकरणं झाली चार, किस्से मात्र वहीभर.

कोंबडीच्या अंड्यात पिल्लू घडायला लागलं की त्याच्या पेशी एकमेकींना रासायनिक निरोप पाठवतात. हृदयाची नळी एरवी उजवीकडे वळते; ती कुठे वळायची, ते डाव्या बाजूचा एक निरोप ठरवतो. उजव्या बाजूचा दुसरा निरोप त्याला आपल्याकडे फिरकू देत नाही. या दोघांचं भांडण हाच माझा पीएचडीचा विषय.

*

अंडी आम्ही उंब्रजच्या एका हॅचरीतून आणायचो. मालक एकदा म्हणाले, “ताई, दर आठवड्याला चार डझन. खानावळ हाय व्हय?”

“नाही हो. आत पिल्लू कसं तयार होतं, ते अंडं फोडून बघतो.”

“फोडता कशाला? एकवीस दिस दम धरा. आपसूक भायेर येतंय.”

*

आमचे लॅब अटेंडंट नाना फौजेतून रिटायर झालेले. त्यांना एकदा सगळा विषय समजावून सांगितला.

“म्हंजी डावीकडचा हुकूम सोडणार, आन उजवीकडचा त्यो दाबणार?”

“बरोबर.”

“आन तरी बी पिल्लू टायमात तयार?”

“हो.”

नानांनी इन्क्युबेटरचं दार लावलं. “आमच्या पलटणीत समदी एकाचाच हुकूम ऐकायची. तरी गाडी कवा टायमात सुटली न्हाई.”

*

तिसऱ्या वर्षी एक चमत्कार झाला. ज्या अंड्यांतल्या निरोपांना मी हातही लावला नव्हता, त्यांतही हृदय उजवीकडे वळायचं सोडून डावीकडे वळलेलं दिसलं. सलग अकरा अंड्यांत. मी आधी नवऱ्याला पेढे आणायला सांगितले, मग गाइड मॅडमना बोलावलं.

मॅडमनी मायक्रोस्कोपला डोळा लावला. “अगं, हे उताणं ठेवलंयस. पालथं कर, उजवीकडे येईल.”

पेढे नानांनी खाल्ले.

*

यंदा दोन्ही निरोप एकदम अडवायचा प्रयोग तिसऱ्यांदा फसला. सगळं सोडून द्यावं असं वाटत होतं. मी कोपऱ्यात डोळे पुसत बसले होते, तेवढ्यात कुंडलहून सासूबाई डबा घेऊन आल्या. मॅडमनी त्यांना स्टुलावर बसवलं आणि मायक्रोस्कोपमधून अंड्यातलं दोन दिवसांचं पिल्लू दाखवलं. पाय नाहीत, पंख नाहीत, पण हृदय उडतंय.

सासूबाईंनी डोळा न काढताच विचारलं, “आवं, ह्येला चालू हो म्हणून सांगतंय कोण?”

मॅडम वीस वर्षं हेच शिकवतात. त्यांनी चष्मा काढला. “खरं सांगू का मावशी, ते अजून पुरतं कुणालाच माहीत नाही.”

सासूबाईंनी मला बाजूला घेतलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि मॅडमना ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाल्या, “बाईस्नीच ठावं न्हाई. मग तू गं कशाला रडतीस? जेव आधी.”