तोरणातल्या लाल चोची

“हळू उसव वं माय, यातबी कोनाचा तरी हात हाये.”

झुंबरबाई हे दिवसातून किती वेळा म्हणायची, त्याला हिशेब नव्हता. मांडीवर कोणाचं तरी जुनं स्वेटर असायचं. कोपराला विरलेलं, गळ्याशी मळलेलं. त्याच्या शिवणीत ती नखानं धाग्याचं टोक शोधायची, आणि एकदा टोक सापडलं की आख्खं स्वेटर पावसाळी ओहोळासारखं तिच्या बोटांतून वाहू लागायचं. महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट. आमच्या जानेफळात स्वेटर घालणारी माणसं थोडी. म्हणून भांड्यांवर जुने कपडे घेणारी बोहारीण शेगावाकडून आली की झुंबरबाई तिला आधी गाठायची, पायलीभर ज्वारी द्यायची आणि गाठोड्यातली फाटकी स्वेटरं घ्यायची.

उसवलेली ऊन, म्हणजे लोकर, कुरळी असते. ती रिठ्याच्या पाण्यात धुवायची, लड बांधून खुंटीला टांगायची, खाली दगड बांधायचा. वाळेपर्यंत धागा सरळ होतो. मग त्याची आसनं व्हायची, उशीचे अभ्रे व्हायचे, हिरव्या पोपटांची तोरणं व्हायची. गावात लग्न निघालं की नवरीची आई मागच्या दारानं तिच्याकडे यायची. रुखवत नवरीनं स्वतः केलेलं असावं अशी रीत, आणि विधवेचा हात त्याला लागू नये अशीही रीत. त्यामुळे तोरण मांडवात जायचं आणि झुंबरबाईचं नाव तिच्या ओसरीतच राहायचं. याचं तिला काही वाटत नसे.

तिला वाटायचं ते एकाच दाराचं. कोकिळेच्या.

कोकिळा तिच्या दिराची, हिंमतरावाची मुलगी. आई बाळंतपणात गेली, तेव्हा झुंबरबाईनं तिला पदराखाली घेतलं. तिला सुई मात्र कधी धरू दिली नाही. बोटं खरबरीत होतील म्हणून. कोकिळा फक्त दोन्ही हात पुढं करून बसायची आणि झुंबरबाई त्या हातांवर लड गुंडाळायची. मुलगी जळगाव जामोदला दिली, मास्तरच्या घरात. झुंबरबाई हिंमतरावाला एवढंच म्हणाली, “भाऊजी, मांडवात म्या येत नाई. पन तिच्या सासरच्या दारावर माह्या हातचं तोरन लागू द्या.”

“लागू दे,” हिंमतराव म्हणाला. “नाव काढू नको म्हंजे झालं.”

पोपट झाले. चोचींना लाल ऊन नव्हती. कुंकवात बुडवलेली ऊन पाण्यात रंग सोडत होती. कोकिळेनं पेटीकडे बोट दाखवलं. पेटीत भगवानरावाचं लाल स्वेटर होतं. झुंबरबाईचा नवरा सातपुड्याच्या पायथ्याला जंगल नाक्यावर नोकरीला होता, तिथल्या थंडीतलं ते. तो तापानं गेला. दहाव्याला मेलेल्या माणसाचे कपडे देऊन टाकतात. झुंबरबाईनं बाकी सगळं दिलं आणि हे ठेवलं.

“ते नाई,” ती म्हणाली. “मेल्या मानसाचं लग्नात चालत नाई.”

“कोनाले कळते, मोठीमाय? चोची लालच पाह्यजेत मले.”

“इखाची परीक्षा पाहू नको.”

“मंग राहू दे तुवं तोरन. बाजारातून कागदाचं आनतो म्या.”

झुंबरबाईनं एक बाही उसवली. कोकिळेनं हात पुढं केले.

लग्नाच्या दिवशी रुखवतापुढं वऱ्हाडाच्या बायका बसल्या. नवऱ्याची आई अन्नपूर्णाबाई तोरण हातात घेऊन उलटसुलट पाहत होती.

“कोनं केलं वं हे?”

“म्या,” कोकिळा म्हणाली.

“हाव? मंग घे सुई. दोन टाके घालून दाखव.”

बायका हसल्या. ही थट्टा दर लग्नात होते आणि दर लग्नात नवरी लाजून सुटते. कोकिळेनं सुई उलटी धरली.

“सूनबाई तं पहिल्याच दिवशी लबाड निघाली,” एक आत्या म्हणाली. “पुढं सासूले काय काय सांगन?”

हसणं वाढलं. कोकिळेचं तोंड उतरलं. अन्नपूर्णाबाई मात्र हसत नव्हती. “खरं सांग. कोनं केलं?”

“मोठीमायनं.”

“रांडक्या बाईनं?”

कोकिळेनं मुंडावळ्या सारल्या आणि घाईघाईनं म्हणाली, “म्या नको म्हनत होते. त्यातली लाल ऊन मोठ्या बाबाच्या सुटराची हाये. मेल्यावर द्याचं ते तिनं लपवून ठेवलं होतं.”

अन्नपूर्णाबाईनं तोरण खाली टाकलं आणि हिंमतरावाला हाक मारली.

झुंबरबाई मागच्या अंगणात आचाऱ्याच्या चुलाणापाशी कांदे चिरत होती. तिला तिथंच गाठलं. पुढं हिंमतराव, मागं सगळ्या बायका, त्यांच्यात कोकिळा.

“पोरगी खरंच नको म्हनत होती का?” अन्नपूर्णाबाईनं विचारलं. “तिच्या मर्जीनं झालं असन तं वऱ्हाड आत्ता परत नेतो आमी.”

झुंबरबाईनं कोकिळेकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. कोकिळा पायाच्या अंगठ्यानं शेण सारवलेली जमीन उकरत होती.

“हाव,” झुंबरबाई म्हणाली. “ती नकोच म्हनत होती. म्याच केलं.”

हिंमतरावानं तोरण चुलाणात टाकलं. ऊन कापसासारखी भडकत नाही. ती आखडते, काळी होते, आणि केस जळल्याचा वास सुटतो. बायकांनी नाकाला पदर लावले.

“भाजीत वास उतरन ना हो,” आचारी म्हणाला, आणि तो वास जाईपर्यंत त्यानं भाजीवर झाकण ठेवलं.

“घरातून निंघ,” हिंमतराव म्हणाला. “अक्षता पडाच्या आधी. तुही सावली नको मले इथं.”

“मुलगी सासरी जाऊ द्या, मंग जातो.”

“आत्ता.”

तिनं विळी बाजूला ठेवली, कांद्याचे हात पदराला पुसले. घरात जाऊन आपलं लुगडं आणि सुया एका पिशवीत घातल्या. परत येताना ती कोकिळेच्या अगदी जवळून गेली आणि थोडी थांबली. पोरगी एक शब्द बोलेल, निदान वर पाहील, असं तिला वाटलं असावं. कोकिळेनं सासूचा पदर धरला.

झुंबरबाई मेहकरच्या रस्त्याला लागली. उन्हं चढली होती, पायात वाहाण नव्हती, म्हणून ती कडेच्या वाळक्या गवतावरून चालत होती. वाजंत्री सुरू झाली तरी तिनं मान वळवली नाही. मांडवाच्या खांबाला धरून कोकिळा पाहत होती. झुंबरबाई बाभळींच्या आड दिसेनाशी होईपर्यंत पाहत होती.