पौर्णिमेची ओहोटी

"नकाशावर बोट ठेवलं की अर्धं पोचलं गो," असं वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणायच्या आणि खरंच बोट ठेवायच्या. बोटाला हळद असायची. त्यांच्या नकाशात वेल्सचा किनारा कायमचा पिवळा झाला होता.

जर्मनीत र्युसेल्सहाइमला आम्ही एकाच इमारतीत राहायचो. दोघींचीही मुलं गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. मी फार बोलत नसे, म्हणूनच मी त्यांना आवडत असेन.

काकूंचं माहेर कोकणातलं. घरासमोर समुद्र, समुद्रात किल्ला. ओहोटीला भाऊ चालत किल्ल्यावर जायचे. मुलींनी मात्र घरी भाकऱ्या भाजायच्या. हे त्या सत्तरीतही विसरल्या नव्हत्या. गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तेव्हा म्हणाल्या, "त्याआधी एका तरी किल्ल्यावर माझ्या पायांनी जाणार. गावी निघाले तर भाऊ आजही म्हणेल, तू बस घरी."

वेल्समधल्या टेन्बीला तसाच किल्ला आहे, ओहोटीला वाळूतून वाट. व्हिसाचे कागद, खोलीची पावती, सगळं त्यांनी एका जाड ऑर्डनरमध्ये लावलं. इथे फाइलीला तेच म्हणतात. सोबतीला मला धरलं.

दिवस ठरवला भिंतीवरच्या मराठी कॅलेंडरवरून. "पौर्णिमेला बारा वाजता भरती, सहाला ओहोटी. संध्याकाळी सहाला किल्ल्यावर."

"आई, फोनवर बघू का?" त्यांचा मुलगा म्हणाला.

"समुद्राकाठी जन्मले मी. तू पोहायला शिकलास क्लासात!"

"जा जा, गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत त्याने हात जोडले.

टेन्बीला त्या दिवशी आम्ही सकाळी जुना तट पाहिला. अकराच्या सुमारास काकू बाकावर बसून डबा उघडत होत्या. मी खाली पाहिलं. भरती यायची वेळ, आणि किल्ल्यापर्यंत वाळू कोरडी. माणसं कुत्री घेऊन पलीकडे चालली होती. काकूंचा हिशेब मोडायला माझी जीभ रेटेना. पण सहापर्यंत थांबलो तर तिथे पाणीच पाणी असणार, आणि दुसऱ्या दिवशी परतीचं विमान.

"काकू," मी म्हटलं, "इथला समुद्र उलटा आहे. ओहोटी आत्ताच आहे."

त्यांनी पाहिलं. झाकण लावलं. "मग बसलीस काय? ऊठ!"

तटाच्या पायऱ्या त्या बसत बसत उतरल्या. वाळूत काठी रुतायला लागली, तशी ती माझ्या हातात दिली आणि माझा खांदा धरला. तीनदा थांबल्या. मागे वळल्या नाहीत. खडकाला हात लागला तेव्हा असं ओरडल्या की दोन कुत्री भुंकायला लागली. मीही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच असेल.

"तू बोललीस म्हणून पोचले गो," म्हणाल्या, आणि डब्यातली पुरणपोळी माझ्या तोंडात कोंबली.

ऑपरेशननंतर काकू कायमच्या गावी गेल्या. आता वर कुणी जर्मन जोडपं राहतं. पिवळा नकाशा माझ्याकडे आहे.

परवा त्यांचा फोटो आला. माहेरच्या किल्ल्याचा दरवाजा, पायांना ओली वाळू, कमरेवर हात. मागे त्यांचे म्हातारे भाऊ उभे आहेत. हातात काकूंच्या चपला.